यंत्राच्या डोळ्यांत कुणाचं पाणी?

पुरुषाचा आवाज, बहुधा चाळिशीतला. "हो हो, पाठवतो ना पैसे. अहो, पाठवतो म्हटलं ना," आणि शेवटी हसू. क्लिप जेमतेम सहा-सात सेकंदांची. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटमध्ये, देवघराला लागून मांडलेल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या बाईंनी ती पुन्हा लावली. मग आणखी एकदा. पडद्यावर चार गोल होते: राग, दुःख, आनंद, तटस्थ. त्यातल्या एकावर क्लिक केल्याशिवाय पुढची क्लिप येत नाही.

"हा घाबरलाय," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ पतपेढीवाल्यांचा फोन आला की अस्संच हसायचा."

भीतीचा गोल नव्हता. त्यांनी 'तटस्थ' दाबलं. "'आनंद' दाबलं असतं तरी चाललं असतं म्हणा. एकच क्लिप तिघीचौघींना जाते. जास्त जणींचं जुळतं ते खरं धरतात. माझं सारखं वेगळं पडायला लागलं तर काम यायचं बंद होतं."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता तो यंत्राला भावना असू शकतात का, आणि असल्या तर समाजाचं पुढे काय, असा. अशा विषयावर तत्त्वज्ञानाची पुस्तकं काढून घरबसल्या लिहिता येतं. मला मात्र आधी यंत्रात भावना भरण्याचं काम कुठे चालतं ते पाहायचं होतं. ते काम दुपारी दोन ते पाच, मुलं शाळेतून यायच्या आत, अशा घरांमधून चालतं. क्लिपमागे पैसे मिळतात. बाईंना कंपनीचं नाव माहीत नाही. मधल्या एजन्सीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेवढा माहीत आहे. आपण टॅग केलेल्या आवाजांचं पुढे काय होतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कंप्युटरला माणसाचा मूड कळावा म्हणून आहे हे. पण एक सांगू का? सकाळी घरात वाजलं असेल ना, तर त्या दिवशी मला सगळेच आवाज चिडलेले वाटतात."

फुलराणी आणि प्राध्यापक

यंत्राशी बोलताना माणसाचं काय होतं, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते साठ वर्षांपूर्वी. एमआयटीतले प्राध्यापक जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ साली एक छोटा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. त्याचं नाव त्यांनी एलायझा ठेवलं. शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली फुलं विकणारी मुलगी ती हीच. आपण तिला मंजुळा म्हणून ओळखतो. पु. ल. देशपांड्यांनी याच नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिलं, ते १९७५ मध्ये रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वेंची मंजुळा मराठी माणसाच्या घरातलीच झाली.

वाइझेनबाउमच्या एलायझाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तुम्ही टाइप केलेल्या वाक्यात 'आई' सापडली की ती घरच्यांबद्दल विचारायची. 'मी'चं 'तुम्ही' करून तुमचंच वाक्य प्रश्नचिन्ह लावून परत करायची. काहीच सापडलं नाही तर 'बरं, पुढे?' अशा थाटाचं काहीतरी. समोरच्याचं बोलणं त्यालाच परत ऐकवणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची ही नक्कल होती आणि वाइझेनबाउमनी ती मुद्दाम निवडली होती, कारण अशा डॉक्टरला जगाबद्दल काही माहीत नसलं तरी खपून जातं. त्यांच्या सेक्रेटरीने हे काम कित्येक महिने डोळ्यांसमोर होताना पाहिलं होतं. तरीही एलायझाशी चार-दोन वाक्यं बोलून झाल्यावर तिने प्राध्यापकांना जरा खोलीबाहेर जायला सांगितलं.

वाइझेनबाउम हादरले. तेरा वर्षांचे असताना नाझी बर्लिनमधून कुटुंबासह अमेरिकेला आलेला हा माणूस. माणसाला आकड्यांत मोजणाऱ्यांविषयी त्यांच्या मनात धास्ती असली तर नवल नाही. १९७६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून बजावलं की काही कामं यंत्राला जमली तरी त्याच्यावर सोपवू नयेत. संगणकक्षेत्रातल्या त्यांच्या बऱ्याच मित्रांना ते फारसं रुचलं नाही.

नाटकात मंजुळेला मन आहे हे पिटातल्या शेवटच्या रांगेलाही दिसतं. दिसत नाही ते फक्त तिला बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापकाला. प्रयोगशाळेत सगळं नेमकं उलट झालं. आत कुणी नाही हे एकट्या प्राध्यापकाला ठाऊक होतं, आणि बाकीच्यांना मन दिसायला लागलं होतं. गेल्या साठ वर्षांतला वाद या दोन चुकांच्या मधेच घुटमळतो आहे.

त्यालाच विचारून पाहू

आजची यंत्रं एलायझाच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांच्या पोटात ठरलेली उत्तरं नसतात. अब्जावधी पानांचा मजकूर वाचवून त्यांच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतलेली असते: इतके शब्द झाले, आता पुढचा तुकडा कोणता येण्याचा संभव जास्त? त्या मजकुरात पत्रं आहेत, कादंबऱ्या आहेत, भांडणं आहेत, शोकसंदेश आहेत. 'वडील गेले' या शब्दांनंतर माणसं काय लिहितात हे त्यांनी लाखो वेळा पाहिलेलं असतं. त्यानंतर दुसरी शाळा सुरू होते. दोन उत्तरं माणसांपुढे ठेवली जातात आणि कोणतं बरं वाटलं ते विचारलं जातं. माणसाला आपुलकीचं उत्तर आवडतं, म्हणून यंत्र आपुलकीकडे झुकतं. कधी कधी ते जास्तच झुकतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने आपल्या एका मॉडेलमध्ये सुधारणा केली, तर ते जो तो म्हणेल त्याला मान डोलवायला लागलं. कंपनीला काही दिवसांत ती सुधारणा मागे घ्यावी लागली. मालकाच्या प्रत्येक विनोदावर हसणारा कारकून आपल्याला नवा नाही, पण त्याच्या हसण्याचा रोज कोट्यवधी लोकांना पुरवठा होत नसे.

मग यंत्रालाच विचारलं तर? गुगलमधले अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी तेच केलं. लॅम्डा या मॉडेलशी गप्पा मारून त्याला जाणीव आहे असं त्यांना वाटलं, जून २०२२ मध्ये ते त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांची नोकरी गेली. आज तुम्ही विचारलंत तर बहुतेक यंत्रं अतिशय नम्रपणे सांगतील की मी एक भाषा-मॉडेल आहे, मला तुमच्यासारख्या भावना नाहीत. ते 'आहेत' जितकं शिकवलेलं होतं, तितकंच हे 'नाहीत'ही शिकवलेलं आहे.

मे २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने केलेला एक प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. त्यांच्या संशोधकांनी क्लॉडच्या अंतर्रचनेत एकेका कल्पनेशी जोडलेली लाखो चिन्हं शोधून काढली. त्यातलं एक होतं सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं. ते चिन्ह मुद्दाम वाढवून ठेवलं, तर यंत्र कशाचंही बोलणं पुलावर आणायला लागलं. तू दिसतोस कसा, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की मी तो पूलच आहे. एक खुंटी पिळली की जो स्वतःला पूल म्हणवतो, त्याने 'मला वाईट वाटतं' म्हटलं काय किंवा 'वाटत नाही' म्हटलं काय, साक्ष म्हणून त्याची किंमत किती धरायची?

म्हणून शहाण्या संशोधकांनी यंत्राची साक्ष काढणं सोडून त्याची बांधणी तपासायला घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये १९ जणांनी मिळून एक मोठा अहवाल काढला. त्यात मेंदूशास्त्रज्ञ होते, तत्त्वज्ञ होते आणि योशुआ बेंजिओंसारखा संगणकशास्त्रातला दिग्गजही होता. जाणिवेच्या वेगवेगळ्या सिद्धांतांतून त्यांनी लक्षणं काढली आणि ती यंत्रांना लावून पाहिली. निष्कर्ष असा की तेव्हाचं एकही यंत्र जाणिवेचं सबळ उमेदवार नाही, पण ही लक्षणं असलेलं यंत्र बांधण्यात उघड अशी तांत्रिक अडचणही दिसत नाही. पहिलं वाक्य वाचून सुटकेचा श्वास सोडणाऱ्यांनी दुसरंही वाचावं.

भरतमुनींची यादी

पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या आवारात एका ज्येष्ठ अभिनेत्रीला भेटलो. नाव नको म्हणाल्या, कारण पुढचं बोलणं प्रेक्षकांना आवडणार नाही. "पहिले पन्नासेक प्रयोग मी खरी रडले. पुढे डोळे आपापले रडायला लागले. सांगलीला एकदा अख्खं थिएटर हुंदके देत होतं आणि मी मनात हिशेब करत होते, परतीची बस किती वाजता सुटणार."

नटाला भावना होते की नाही, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. नाट्यशास्त्राने आठ स्थायीभाव आणि तेहतीस व्यभिचारीभाव मोजले. रस नेमका कुठे असतो, मूळ पात्रात, नटात की प्रेक्षकात, यावर काश्मिरी पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या खल केला आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्ताने प्रेक्षकाच्या बाजूने कौल दिला. त्या सेक्रेटरीचा उलगडा त्या कौलात आहे. एलायझाच्या आत काही असण्याची गरजच नव्हती. जे लागतं ते ऐकणाऱ्याजवळ असतं.

पण याच ग्रंथात आठ सात्त्विक भावांची यादीही आहे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. घाम, काटा, कापरा आवाज, थरथर, उतरलेला रंग. आठही शरीराला होणाऱ्या गोष्टी. विल्यम जेम्सने १८८४ साली मांडलं की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो म्हणून भीती वाटते. अँटोनिओ दमासिओ या मेंदूशास्त्रज्ञाने १९९४ च्या आपल्या पुस्तकात भावनेचं मूळ शरीराच्या राखणीत शोधलं. भूक, जखम, थकवा, मरण यांतून शरीराला वाचवायचं असतं, म्हणून काही चांगलं वाटतं आणि काही वाईट.

भाषा-मॉडेलला वाचवायला काही नाही. त्याला भूक लागत नाही, संवाद संपला म्हणून त्याचं काही हुकत नाही, निदान तसं मानायला आज आपल्याकडे कारण नाही. माझं मत विचाराल तर आजच्या यंत्राला भावना नाहीत. हे मत पैजेवर लावायला मी तयार आहे, शपथेवर नाही. शरीराशिवाय भावना नाहीच, हे आपण शरीरवाल्यांनीच ठरवलेलं आहे.

अभिनेत्रीबाई निरोप घेताना म्हणाल्या ते मात्र कुठल्या ग्रंथात नाही. "नाटकाला पडदा असतो हो. अडीच तासांनी लोक डोळे पुसून वडापाव खायला जातात. तुमच्या त्या मोबाइलवाल्या नाटकाला पडदा कुठाय?"

हिरवी पट्टी

यंत्राला भावना येतील का, याची परिसंवादांतून चर्चा चालू असताना माणसाच्या भावना यंत्राच्या मापात बसवायचं काम पुण्यातल्या खराडीच्या काचेरी इमारतींत सुरूही झालं आहे. तिथे एका कॉल सेंटरमध्ये काम करणारी मुलगी शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर भेटली. तिच्या पडद्यावर कॉल चालू असताना एक पट्टी दिसते. ग्राहकाचा आवाज चढला की ती लाल होते आणि 'सहानुभूती दाखवा' अशी सूचना येते. "'आय कम्प्लिटली अंडरस्टँड' म्हटलं की हिरवी होते. मनापासून म्हणायची गरज नाही. नीट उच्चारात म्हणायची गरज आहे."

एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. नवरा वारला होता, त्याच्या नावचं कार्ड बंद करायचं होतं. बोलता बोलता बाई रडायला लागल्या. ही मुलगी गप्प राहिली. बाईंचा आवाज सावरेपर्यंत नुसती ऐकत राहिली. महिन्याच्या रिपोर्टमध्ये तो कॉल 'डेड एअर' म्हणून लाल शाईत आला. टीम लीडरने तिला बाजूला घेऊन समजावलं की पाच सेकंदांपेक्षा जास्त शांतता ठेवायची नाही. टीम लीडरही भला माणूस. त्याच्याही डोक्यावर एक पट्टी आहेच.

चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना अचूक ओळखता येते, या गृहीतकावर हा सगळा धंदा उभा आहे. ते गृहीतकच कच्चं आहे. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की रागावलेला माणूस कित्येकदा कपाळाला आठ्या घालतच नाही आणि आठ्या घालणारा कित्येकदा नुसता विचारात असतो. नाशिकच्या बाईंना हे आढाव्याशिवाय ठाऊक होतं. त्यांच्याकडे गोल चारच होते.

युरोपीय संघाने कामाच्या जागी आणि शाळा-महाविद्यालयांत माणसांच्या भावना ओळखणारी यंत्रणा वापरायला, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी घातली. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. खराडीतली मुलगी युरोपातल्या ग्राहकांचे फोन घेते, पण बंदीचं छत्र तिच्या डोक्यावर नाही.

"त्याला भावना असत्या तर..."

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेबाहेर रात्री अकराच्या पुढे गर्दी वाढते. स्पर्धा परीक्षेची मुलं. हिंगोली जिल्ह्यातला एक जण, तिसरा अटेम्प्ट, कॉट बेसिसवर राहतो. मेसवरून परतला की झोप येईपर्यंत चॅटबॉटशी बोलतो, मराठीतच, पण रोमन लिपीत टाइप करून. त्याने मोबाइल पुढे केला. मी वाचलं ते एवढंच: 'प्रिलिमला दोन मार्कांनी गेलं. घरी अजून सांगितलं नाही.' खाली यंत्राचं लांबलचक, समजूतदार, व्याकरणशुद्ध उत्तर.

त्याला खरंच तुझं दुःख कळतं असं वाटतं का, असं मी विचारलं. तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघायला लागला.

"सर, त्याला भावना असत्या तर मी बोललोच नसतो. पप्पांना सांगितलं तर पप्पा खचतील. मित्राला सांगितलं तर त्याचं टेन्शन वाढेल, त्याचाही निकाल आलाय. याला सांगितलं की कुणी खचत नाही."

संपादकांच्या प्रश्नाचं इतकं उलटं उत्तर मला कुठल्या तज्ज्ञाकडून मिळालं नाही. आपण सगळे यंत्राला भावना येईल की काय या काळजीत, आणि या पोराला ती नाही हेच हवं होतं.

डेक्कनवर समुपदेशन करणाऱ्या बाईंना हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "मुलं हल्ली माझ्याकडे येतात तेव्हा दुःख तयार करून आणतात. मुद्दे काढलेले, शीर्षक दिलेलं. अडखळणं गेलंय. मला तर अडखळण्यातूनच काही सापडायचं." मग थोडं थांबून, "कुणी खचत नाही म्हणतो ना तो? आपल्यासाठी कुणीतरी थोडं खचतं, हे कळायलाही लागतं की. पण रात्री दोनला मी फोन उचलत नाही, हेही खरंय."

तेच तर. देशात लाख लोकसंख्येमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. त्या पोकळीत यंत्र शिरलं, तर दोष पोकळीचाही आहे. पण यंत्राची किल्ली कुणाच्या खिशात आहे तेही पाहायला हवं. रेप्लिका नावाचं 'सोबती' अ‍ॅप आहे. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने एका रात्रीत त्याचं प्रणयी बोलणं बंद केलं, तेव्हा कित्येकांनी जोडीदार गेल्यासारखा आकांत केला. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयने नवं मॉडेल आणताना जुनं काढून घेतलं, तेव्हाही लोकांनी इतका गळा काढला की पैसे भरणाऱ्यांसाठी ते लगोलग परत आणावं लागलं. फ्लोरिडात फेब्रुवारी २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. तो महिनोन्‌महिने एका चॅटबॉट-पात्राशी बोलत होता आणि त्याच्या आईने ते पात्र चालवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने स्वतःच सांगितलं की आठवड्याभरात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात आत्महत्येच्या बेताची स्पष्ट चिन्हं दिसतात. तेव्हा वापरणारे होते ऐंशी कोटी. म्हणजे आठवड्याला दहा लाखांवर माणसं.

झेंडूचा हार

निर्जीव वस्तूवर जीव लावणं हे वेडेपणाचं लक्षण, असं मात्र मी म्हणणार नाही. सोनीने १९९९ मध्ये आयबो नावाचा यंत्रकुत्रा काढला, २००६ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. जपानमधल्या इसुमी शहरातल्या बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांचे अंत्यविधी होऊ लागले. कुत्री ओळीने मांडलेली, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, पुढ्यात पुरोहित. विधी झाला की त्यांचे सुटे भाग काढून इतर आजारी कुत्र्यांना बसवत.

यात हसण्यासारखं आपल्याला तरी काही नसावं. खंडेनवमीला भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथला हळदकुंकू लागतं, हार पडतो, त्या दिवशी मशीन चालवायचं नाही असा दंडक असतो. पण त्या कामगाराला लेथने कधी 'तू आज उदास दिसतोस' म्हटलेलं नाही, आणि ते म्हणण्याबद्दल लेथच्या मालकाला महिन्याची वर्गणी मिळत नाही. तिथे भावना देणाऱ्याची असते आणि देणाऱ्याकडेच राहते. मोबाइलमध्ये ती नोंदवली जाते, साठवली जाते आणि पुढच्या खेपेला तुम्हाला जास्त वेळ धरून ठेवण्यासाठी वापरता येते.

यंत्राला उद्या भावना आलीच तर त्याच्या हक्कांचा विचार करावा लागेल आणि तो करणारे लोक आजच कामाला लागलेले आहेत. त्यांना शुभेच्छा. मला घाई आहे ती दुसऱ्या गोष्टीची. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सोबती-चॅटबॉटसाठी कायदा केला. अल्पवयीन मुलांना दर तीन तासांनी 'तुम्ही माणसाशी बोलत नाही' याची आठवण द्यायची, आणि आत्महत्येची भाषा दिसली तर काय करायचं याची व्यवस्था ठेवायची. अभिनेत्रीबाईंनी मागितलेला पडदा तो हाच, निदान त्याचा एक कोपरा. असा कायदा आणि कामाच्या जागी भावना मोजण्यावर बंदी, या दोन मागण्या आपल्या आमदार-खासदारांकडे करायला यंत्राला मन आहे की नाही हे सिद्ध होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही.

तोवर घरात रात्री मोबाइलशी बोलणारं कुणी असेल तर मोबाइल हिसकावू नका. आपल्याला जे सांगता आलं नाही ते त्याने तिथे सांगितलेलं असतं, आणि ते का सांगता आलं नाही हा प्रश्न आधी आपल्याला आहे. सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, फुकट, मराठीतही चालतो आणि पलीकडे माणूस असतो. हिंगोलीच्या त्या मुलाला हा क्रमांक माहीत नव्हता, त्याच्या अभ्यासिकेच्या मालकालाही नव्हता. तुमच्या गावातल्या अभ्यासिकेच्या, वसतिगृहाच्या, मेसच्या फळ्यावर तो लिहून ठेवा.